महिन्याला किती पानं

पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत. नुसती बघावी की नाही, याबद्दल शास्त्र गप्प आहे, आणि शास्त्र जिथे गप्प बसतं तिथे बायकांनी आपली सोय करून घ्यावी, असं माझी सासू म्हणायची. म्हणून त्या पंधरा दिवसांत मी लेझर प्रिंटर फक्त बघितले.

प्रिंटर घरासाठी नव्हता, भय्यासाहेबांच्या ऑफिससाठी होता. भय्यासाहेब वकील. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, कमानिया गेटजवळ एका भांड्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत ते बसतात, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ माझी खुर्ची. तेवीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसले. खाली दिवसभर पितळी परातींचा आवाज, वर माझी टकटक. दोन्ही बंद झाले की समजायचं रविवार आहे.

लोक मला टायपिस्ट म्हणत. सुरुवातीला मी तशी होतेही. बारावी झालेली, टायपिंग शिकले ते चुलतसासऱ्यांनी माळ्यावर टाकलेल्या एका मशीनवर, आपलं आपण, मुलं झोपली की. साहेब शब्द न् शब्द सांगायचे, मी उतरवून घ्यायची. मग अर्धं सांगू लागले. मग केव्हातरी ‘पुढचं तुला माहीतच आहे’ सुरू झालं. गेली बारा वर्षं तर अशी होती की पक्षकार आपलं रडगाणं गाऊन जिना उतरला की साहेब माझ्याकडे बघायचे, “समजलं ना?” म्हणायचे आणि पानाचा डबा उघडायचे. दावा मी लिहायची. कोर्टाच्या त्या हिंदीत, ज्यात माणूस भांडत नाही, ‘विवाद उत्पन्न’ होतो. लिहून, छापून त्यांच्यापुढे ठेवायची आणि बोटानं सहीची जागा दाखवायची. ते वाचत नसत. शाईच्या पेनाचं टोपण काढायचे, सही करायचे. बाररूममध्ये सांगायचे, मनीषाचा कागद वाचावा लागत नाही. मला वाटायचं, याहून मोठं प्रशस्तिपत्र माणसाला काय मिळणार?

प्रिंटरचा विषय निघाला तो आमचे कारकून मुन्शीजी यांच्या पाण्याच्या बाटलीमुळे. आमचा जुना प्रिंटर शाईचा. भाद्रपदात एक चाळीस पानी जवाब दाखल करायला मुन्शीजी सायकलवरून निघाले आणि पिशवीतली बाटली गळली. कोर्टात पोचून कागद काढले तर आधी साहेबांची सही वाहून गेलेली आणि तिच्या मागोमाग माझी अक्षरं. जांभळी खीर झाली होती नुसती. न्यायाधीशांकडून पुढची तारीख मागून घ्यावी लागली, आणि भय्यासाहेबांना आयुष्यात दोनच गोष्टींची लाज वाटते. एक, तारीख मागायची. दुसरी मी पुढे सांगते.

संध्याकाळी म्हणाले, “आता तो लेझर का काय तो घेऊन टाकू. तूच बघ. तुला कळतं.”

हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याचं असं होतं. श्रावणात साहेबांची नात अवंतिका पुण्याहून वकिली शिकून आली होती. ती आता आबांच्याच ऑफिसात बसणार होती. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल आलं, खुर्ची आली, मुन्शीजींचं स्टूल जिन्यात गेलं. त्या खोलीत तीन जण बसूच शकत नाहीत. माझी खुर्ची राहणार की जाणार, हे कोणी बोलत नव्हतं. मी एकदा आडून विचारलं तर साहेब म्हणाले, “बसायचं काय ते दसऱ्यानंतर बघू.” श्रावणापासून मी तेवढी एकच गोष्ट डोक्यात घेऊन जिना चढत होते. आणि आता ते म्हणत होते, तूच बघ. जिला काढायचं तिला कोणी मशीन निवडायला सांगत नाही, असा हिशेब मी मांडला. ‘तुला कळतं’ म्हणाले होते, ‘तुला चालवायचा आहे’ असं काही म्हणाले नव्हते. पण ते मी मनातल्या मनात लिहून टाकलं. पुढचं मला माहीतच होतं ना.

आम्ही राहतो कांचघरला. घरापासून चार पावलांवर धनेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सर्वपित्रीच्या आदल्या आठवड्यात मी तिथे रोज जाऊन बसले. घेणार काही नाही, फक्त बघणार, हे त्याला आधीच सांगितलं. तो म्हणाला, “बैठो दीदी, आजकल सब देखने ही आते हैं.”

मग त्यानं पहिला प्रश्न विचारला. “पहले ये बताओ, महीने में कितने पेज निकलते हैं?”

मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर काढलं आणि गेल्या वर्षभराची पानं मोजली. दावे, जवाब, शपथपत्रं, नोटिसा, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. महिन्याला सोळाशे पानं. मूळ पानं तेवढी धरली तरी पाचशेच्या वर. दर महिन्याला मी एक जाडसर पुस्तक लिहीत होते आणि त्याचा मलाच पत्ता नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मी जरा ताठ चालले असेन. कांचघरच्या बाजारात कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोळाशे ऐकून धनेशनं शाईचे प्रिंटर सरळ आत ढकलले. मग समजावून सांगितलं. लेझरमध्ये शाई नसतेच. काळी पूड असते, टोनर म्हणतात. मशीन ती पूड कागदावर पसरते आणि तापवून भाजते, पापडासारखी. म्हणून अक्षर पक्कं. एक पान छापून माझ्या हातात दिलं, बाटलीतलं पाणी माझ्या बोटावर ओतलं आणि म्हणाला, घासा. मी घासलं. कागद ओला झाला, फुगला, पण अक्षर हललं नाही. मला मुन्शीजींची पिशवी आठवली. मी आणखी दोनदा घासून बघितलं. धनेश हसून म्हणाला, “दीदी, काग़ज़ फट जाएगा, ये नहीं जाएगा.”

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. टोनर किती पानं चालतो. पूड भरून मिळते की डबीच बदलावी लागते. आतला ड्रम वेगळा की डबीसोबत. दोन्ही बाजूंना आपोआप छापतो की पान हातानं उलटायचं. कोर्टाचा लांब कागद ट्रेमध्ये मावतो का. असले प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. तिसऱ्या दिवशी त्यानं चहा मागवला, चौथ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, दीदीला विचारा.

शेवटी दोन उरले. एक लहान, साधा. फक्त छापणार, तारेनं एकाच कॉम्प्युटरला जोडलेला. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बरोब्बर बसला असता. दुसरा मोठा. छापणार, झेरॉक्स काढणार, आणि वर एक तोंड असं की पन्नास कागदांचा गठ्ठा ठेवला तर एकेक गिळून स्कॅन करणार. आता केस ऑनलाइन दाखल करायची तर स्कॅन लागतंच, आणि त्यासाठी मुन्शीजी रोज खालच्या गल्लीत रांगेत उभे राहत. धनेश मोठ्याबद्दल म्हणाला, “इसमें तार का झंझट ही नहीं. कोई भी, कहीं से भी, मोबाइल से निकाल ले.”

मी वहीत लिहिलं: तार नको. कोणीही, कुठूनही. आणि पुढे बरोबरची खूण केली.

रात्री जेवताना मी रत्नाकरना दोन्ही वाचून दाखवले. माझे मिस्टर फॅक्टरीतून रिटायर झालेत. पस्तीस वर्षं तोफेचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत फट कुठे आहे ते त्यांना आधी दिसतं. वरणाची वाटी बाजूला सारून म्हणाले, “तारेचा घे.”

“काहून?”

“तार असली की मशीन तुझ्यापाशी राहील. ज्याला छापायचं तो तुझ्यापाशी येईल.”

मी म्हटलं, मोठ्यात ऑफिसचं भलं आहे. साहेबांनी माझ्यावर सोडलंय, तर मी काय माझी सोय बघू?

“तू बघून राहिली आहेस त्यांची सोय. ते कोणाची बघून राहिले आहेत?”

मी उठून ताटं आवरली. माणूस फॅक्टरीत राहिला की त्याला सगळीकडे युनियन दिसते, असं काहीतरी बोलले. ते म्हणाले, “बघ बाप्पा,” आणि हात धुवायला गेले.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मोठा आला. धनेश स्वतः येऊन लावून गेला. साहेब दारात उभे राहून म्हणाले, “केवढा आहे हा, म्हशीएवढा.” पण चेहरा खूश होता. माझ्या टेबलावर तो मावेना, म्हणून अवंतिकाच्या मागच्या कपाटावर ठेवला. तार नव्हतीच, कुठेही चालणार होता.

अवंतिका पोरगी गोड. हे मी टोमणा म्हणून नाही सांगत. येता-जाता काकू, काकू करायची, माझ्या डब्यातली भाजी हक्कानं खायची. मराठी तिला कळतं सगळं, बोलताना मध्येच हिंदीत उतरते, आमच्याकडच्या सगळ्याच पोरांसारखी. म्हणाली, “काकू, ये तो मस्त है. गठ्ठा टाकून बघू ना काही?”

गठ्ठा माझ्यापाशी होता. माझा बस्ता. लाल कापडात बांधलेला, कपाटाच्या खालच्या खणात. तेवीस वर्षांत जो-जो मसुदा कोर्टात टिकला त्याची एकेक प्रत मी त्यात ठेवली होती. भाडेकरू काढायचे वेगळे, वाटणीचे वेगळे, चेक परत आल्याचे, सोडचिठ्ठीचे. समासात पेन्सिलीनं माझ्या खुणा: हा मुद्दा आधी घ्यावा, हा पक्षकार रडला तरी लिहू नये, या कलमावर समोरचे वकील हमखास घसरतात. आजवर तो बस्ता मी कोणाला उघडून दाखवला नव्हता. कोणी मागितलाही नव्हता. अवंतिकानंही नाही मागितला. मशीन कसं गिळतं ते बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. मशीन आणि बस्ता दोन्ही.

चार दिवस लागले. मी पिना काढून गठ्ठे लावायची, वर सर्र सर्र आवाज व्हायचा, आणि अवंतिकाच्या लॅपटॉपवर पानं उमटायची. ती शेजारी बसून विचारायची, काकू, ही खूण कशाची? हा मुद्दा इथे काहून घेतला? मी सांगायची. माझ्या पोटच्या पोरांनी कधी विचारलं नाही आई ऑफिसात काय करते, आणि ही वकील मुलगी माझ्या पेन्सिलीच्या खुणा समजून घेत होती. त्या चार दिवसांत मी भाजी दीडपट नेली. शेवटी तिनं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि नाव दिलं: आबांचे ड्राफ्ट्स. मी वाचलं. मनात म्हटलं, प्रेमानं ठेवलंय पोरीनं. आणि पिना डबीत भरल्या.

मग खंडेनवमी आली.

भय्यासाहेबांचे कोणी पूर्वज नागपूरकरांच्या फौजेतून इकडे आले, त्यांची एक तलवार आहे. म्यानातून निघत नाही, गंजली आहे, पण नवमीला ती घरून ऑफिसात येते. पाटावर तलवार, तिच्या शेजारी कायद्याची दोन जाड पुस्तकं, साहेबांचं पेन, मुन्शीजींचा शिक्का, आणि यंत्रं जागच्या जागी. त्यांच्या घरचा रिवाज असा की ज्याचं शस्त्र त्यानं पुजायचं. पुस्तकांना आणि पेनाला साहेब कुंकू लावतात, शिक्क्याला मुन्शीजी. टाइपरायटर होता तोवर त्याला मी लावायची, मग कॉम्प्युटर आला, मग प्रिंटर. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नसतो, काम बंद. तेवीस वर्षांत माझ्या हातात पगारवाढीचा कागद कधी पडला नाही, पण नवमीला कुंकवाचं ताट पडायचं. त्या ताटानं मला दर वर्षी कळायचं की मी इथली आहे.

मी नवी साडी नेसून गेले होते. झेंडूच्या माळा मीच केल्या, एक लहानशी खास मोठ्या मशीनच्या मापाची. साहेबांनी तलवारीला फूल वाहिलं, पुस्तकांना कुंकू लावलं, पेनाला लावलं. मुन्शीजींनी शिक्क्याला लावलं. मी हात पुसून पुढे झाले.

साहेबांनी ताट उचललं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे धरलं. म्हणाले, “अवंतिका, मशीनला तू लाव.” मग माझ्याकडे वळून, अगदी नेहमीच्या आवाजात, “मनीषा, तू नारळाचं बघ.”

अवंतिकानं एकदा माझ्याकडे बघितलं. तिला रिवाज नीट ठाऊक नसावा, पण काहीतरी चुकतंय एवढं तिला कळलं. “आबा, काकू लावतील ना...” असं पुटपुटली. साहेब म्हणाले, “आता तुलाच चालवायचंय.” तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि मशीनच्या पांढऱ्या झाकणावर स्वस्तिक काढलं. जरा वाकडं आलं. माळ तिला बसवता येईना, ती मीच बसवली. माप बरोबर होतं.

नारळ मी जिन्यात जाऊन फोडला. एका फटक्यात फुटला. मुन्शीजी स्टुलावर बसले होते. वाटी पुढे करून त्यांनी पाणी धरलं फक्त.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून रीतसर सांगितलं. आता तूही थकलीस. घरी बस, रत्नाकरला वेळ दे. पोरगी फोनवर बोलते आणि फोनच टाइप करून देतो, नमुने सगळे तू लावूनच दिले आहेस, ती तेवढं नाव-गाव बदलते. तू इतकं नीट केलंस की आता काही अडत नाही. दिवाळीपर्यंत यायचं तर ये, घरचंच आहे. “आणि दिवाळीची साडी तुझी कायम हं. ते काही बंद नाही.”

मी “बरं” म्हटलं. त्या घरात बायका मोठ्यांपुढे एवढंच म्हणतात, आणि मी घरचीच होते.

रडायचं ते मी बसमध्ये उरकून घेतलं. घरी सांगितल्यावर रत्नाकर ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हणाले नाहीत. त्याबद्दल त्यांचे सगळे जुने अपराध माफ. दोन दिवसांनी ते स्वतःच बाजारातून विषय घेऊन आले. जिल्हा कोर्टात शर्मिला मॅडम म्हणून एक वकील आहेत, त्यांना मसुदे लिहिणारं माणूस हवं आहे, मुद्दाम बाईमाणूस. मी जाऊन भेटले. मॅडमनी मला समोर बसवून एक नोटीस लिहायला दिली, वाचली, आणि म्हणाल्या की भय्यासाहेबांच्या ऑफिसचे कागद मी ओळखते, पण ते तुम्ही लिहिता हे माहीत नव्हतं. त्यांच्या दोन भागीदारांना दाखवायला साहेबांचं एक अनुभवपत्र आणा, एवढीच अट. एक कागद, एक सही. चोपन्नाव्या वर्षी मला पुन्हा खुर्ची मिळत होती.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, “हो हो, का नाही? तूच लिही, मी सही करतो.”

तेवीस वर्षं दुसऱ्यांबद्दल लिहिलं होतं. स्वतःबद्दल एक पान लिहायला मला सबंध दुपार लागली. खोटं एक अक्षर घालायचं नव्हतं आणि खरं एकही गाळायचं नव्हतं. नाव, पत्ता, कधीपासून कधीपर्यंत. मग मधलं वाक्य: ‘इन्होंने मेरे कार्यालय के दावे, जवाब एवं याचिकाओं के प्रारूप स्वयं तैयार किए.’ प्रारूप म्हणजे मसुदा. स्वयं म्हणजे स्वतः. चार वेळा वाचलं, त्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. मोठ्या मशीनला पाठवलं. ते अवंतिकाच्या मागे घुरघुरलं आणि त्यानं माझं पान गरम गरम बाहेर टाकलं. झाकणावरचं कुंकू अजून होतं.

आत जाऊन कागद साहेबांपुढे ठेवला आणि सवयीनं बोटानं सहीची जागा दाखवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नीब कागदापर्यंत आली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, खण उघडला आणि चष्मा काढला.

वाचायला लागले.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या ओळीपासून, सावकाश, ओठ हलवत, जसा विरुद्ध पार्टीचा कागद वाचतात तसा. मी उभी होते. खाली दुकानात कोणीतरी परात वाजवून बघत होतं. मधल्या वाक्यापाशी ते थांबले. पेन उचललं, ‘स्वयं तैयार किए’वरून एक सरळ निळी रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘टंकित किए’. म्हणजे टाइप केले.

“असं नाही लिहायचं मनीषा,” ते म्हणाले, रागानं नाही, समजावून. “मसुदे वकील करतो. कोणी हा कागद बघितला तर काय म्हणेल?”

मी म्हटलं, “साहेब, केले कोणी?”

त्यांनी चष्मा उतरवला. म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगते, कारण त्यांच्या तोंडचं एवढंच वाक्य मी न सुधारता ठेवलं आहे.

“ते तुला-मला माहीत आहे ना. कागदावर कशाला?”

त्यांना लाज वाटते ती दुसरी गोष्ट म्हणजे ही. माझी लाज नाही वाटत त्यांना, मी त्यांना आवडते. ती ओळ कोणी वाचेल याची वाटते. मान खाली घालून ते म्हणाले, दुरुस्त करून आण, लगेच सही करतो.

मी बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसले. फाइल उघडी होती. दोन शब्द काढायचे, एक घालायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘टंकित’ही काही खोटं नव्हतं, टाइप मीच केलं होतं. शर्मिला मॅडमना बाकीचं माहीत आहे, त्या समजून घेतील, असंही मनात आलं. पण त्यांचे भागीदार समोरचा कागद वाचणार, आणि कागदावर असणार की तेवीस वर्षं ही बाई बोटं चालवत होती. मसुदे लिहायला टायपिस्ट कोण ठेवेल? अशा कागदावर मी स्वतःच एखादा दावा फेटाळून लावला असता.

अवंतिका उठून माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “काकू, जुना प्रिंटर असाच पडून आहे. तुम्ही घेऊन जा ना घरी. काही छापायचं असलं तर...” तिला खरोखर काहीतरी द्यायचं होतं मला, आणि देण्यासारखं तिच्या हातात तेवढंच होतं. मी तिच्या गालाला हात लावला. म्हटलं, महिन्याला माझी पानं आता होतील कितीशी? राहू दे.

फाइल बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, बदल ठेवायचे का. बदल काही केलेच नव्हते. फुलपात्र, शाल आणि खुर्चीवरची उशी पिशवीत टाकली. लाल कापड रिकामं होतं, तेही घेतलं. बस्ता राहू दिला. तो आता लॅपटॉपमध्ये होता, कागद नेऊन काय करणार? साहेबांना आत जाऊन नमस्कार केला. ते म्हणाले, “झालं दुरुस्त?” मी म्हटलं, उद्या आणते. तेवीस वर्षांत त्यांच्यापुढे मागितलेली ती माझी एकुलती तारीख. त्यांनी लगेच दिली.

घरी रत्नाकर दारातच होते. “झाली सही?”

मी कागद ओट्यावर पसरला, नळाखाली बोट धरलं आणि साहेबांच्या रेघेवरून फिरवलं. शाई सुटली. निळा ओघळ ‘टंकित’वरून वाहत कडेपर्यंत गेला. आणखी एकदा फिरवलं. कागदावर लव उठली, पण खालचे शब्द होते तिथेच होते, काळे कुळकुळीत. प्रारूप स्वयं तैयार किए. त्याखाली सहीची जागा कोरी.

रत्नाकरनी वाकून वाचलं. सुटे भाग बघायचे तसं, जवळून, एक डोळा बारीक करून. “हा चालेल मॅडमला?”

“सहीशिवाय? नाही चालणार.”

त्यांनी ओल्या अक्षरांवर स्वतःचा अंगठा घासून बघितला. मग म्हणाले, “मशीन मात्र तू चांगली निवडलीस.”

मी बोट साबणानं धुतलं. निळा डाग नखाच्या कडेला राहिलाच. कागद वाळायला दोरीवर लावला, आणि कुकर चढवला.